काचेवरची गोगलगाय

वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पहिला मासा येतो तो गप्पी, आणि तो दुकानातून येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर हिवताप आणि डेंग्यूच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खात्याची माणसे डबक्यांत, हौदांत गप्पी मासे सोडतात. हा मासा डासांच्या अळ्या खातो, अंडी न घालता थेट पिल्ले देतो आणि बघता बघता हौद भरून टाकतो. घरातले एखादे पोर त्यातले चार मासे बरणीत भरून आणते. बरणी लहान पडते म्हणून काचेची टाकी येते. टाकी बोडकी दिसते म्हणून पाणवनस्पती येते. आणि त्या वनस्पतीच्या पानाखाली चिकटून, कुणी न बोलावता, गोगलगाय येते.

पहिल्या दिवशी काचेवर मुगाच्या डाळीएवढा एक ठिपका सरकताना दिसतो. मुलांना त्याचे कौतुक वाटते. आठवड्याभरात ठिपके पाच होतात. दीड-दोन महिन्यांनी रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावावा तर समोरची सगळी काच ठिपक्यांनी भरलेली. मग घरात एकच विषय निघतो, यांना मारायचे कशाने?

सोयाबीनच्या जिल्ह्यात हा विषय जरा जास्तच तापतो. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. ती दृश्ये सगळ्या सोयाबीन पट्ट्याने पाहिली. तेव्हापासून आपल्याकडे गोगलगाय दिसली की हात आधी औषधाच्या डब्याकडे जातो. शेतात ते समजण्यासारखे आहे. टाकीत मात्र तोच हात माशांच्या जिवावर उठतो. म्हणून उपायांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. टाकीतली गोगलगाय औषधाने मारायची नसते. तिचे जेवण बंद करायचे असते. बाकी सगळे उपाय या एका गोष्टीच्या मदतीला आहेत.

आधी पाहुणी कोण आहे ते ओळखू. शेतातली ती मोठी शंखी गोगलगाय आणि टाकीतली ही बारीक गोगलगाय यांचा संबंध दूरचा आहे. ती जमिनीवरची, ही पाण्यातली. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही आपली म्हण मात्र दोघींना सारखीच लागू पडते, आणि ती शब्दशः खरी आहे. शास्त्रज्ञांनी या सगळ्या वर्गाला जे ग्रीक नाव दिले, गॅस्ट्रोपोडा, त्याचाही अर्थ पोट आणि पाय असाच आहे. काचेच्या बाहेरून बघितले तर हा पाय अगदी स्वच्छ दिसतो. पोटाखालची चपटी, ओलसर, करडी पट्टी, आणि पुढच्या टोकाला तोंड उघडत-मिटत असते. प्रत्येक वेळी तोंड उघडले की आतून जीभ काचेवर एकदा घासली जाते. या जिभेवर कानशीसारख्या बारीक दातांच्या ओळी असतात. काचेवरच्या हिरव्या शेवाळात मागे जी नागमोडी स्वच्छ रेघ उमटते, ती या कानशीची.

घरच्या टाकीत सहसा तीन-चार प्रकार निघतात. सगळ्यांत जास्त आढळते ती फायसा. करड्या-पिवळ्या पातळ शंखाची, आठ-दहा मिलिमीटरची, चपळ. तिच्यासारखीच दिसणारी पण जरा मोठी होणारी लिम्निया आपल्या तळ्यांत आणि विहिरींतही असते. दोघींतला फरक ओळखायची एक सोपी रीत आहे. रिकामा शंख घ्या, टोक वर धरा आणि तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या हाताला आले तर ती लिम्निया, डाव्या हाताला आले तर फायसा. देवघरातल्या ज्या शंखाला आपण दक्षिणावर्ती म्हणतो आणि जो फार क्वचितच सापडतो, त्याचाही पीळ शास्त्राच्या भाषेत असाच डावा असतो. समुद्रातल्या शंखात जे इतके दुर्मीळ, ते फायसाच्या कुळात रोजचे आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा टाकीसमोर बसून मी कितीतरी शंख उलटेसुलटे करून पाहिले. सगळे डावे निघाले.

तिसरी चकलीवाली. तिचा शंख वर चढत नाही, एकाच पातळीत चकलीसारखा गुंडाळलेला असतो. दुकानदार तिला रॅम्सहॉर्न म्हणतात. तिच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून फिकट शंखाच्या गोगलगायीचे अंग लालसर दिसते आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही ती तग धरते. आपल्या तळ्यांतली, गुरे पाणी पितात तिथली मोठी तपकिरी चकली म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. तिच्याबद्दल पुढे वेगळे सांगायचे आहे.

चौथी सगळ्यांत चिवट. निमुळता, टोकदार, स्क्रूसारखा पेचदार शंख, आणि दिवसभर वाळूत गडप. बाजारात तिला मलेशियन ट्रम्पेट म्हणतात, पण ती आपल्याही मुलखातली आहे. ऑटो फ्रेडरिक म्युलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने १७७४ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते आपल्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. आज ती शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेपर्यंत पोहोचली आहे. उलट उत्तर अमेरिकेतली फायसा जगभरच्या टाक्यांत आणि तळ्यांत शिरली आहे.

आता मूळ प्रश्न. एका गोगलगायीच्या शंभर कशा होतात? फायसा, लिम्निया आणि चकली या तिन्हींत नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते, आणि फायसाला तर जोडीदार नसला तरी एकटीला अंडी घालता येतात. ट्रम्पेटची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्यात बहुतेक सगळ्या माद्याच असतात, नराविना त्यांना पिल्ले होतात, आणि ती अंड्यांतून बाहेर पडलेली, शंखासकट तयार अशी मानेजवळच्या पिशवीतून बाहेर येतात. म्हणजे टाकीत एकच आली तरी पुरे.

अंडी बघायची असतील तर एखादे रुंद पान उलटे करून उजेडासमोर धरा. साबुदाण्याची खीर पानावर सांडून थिजावी तसा एक पारदर्शक, थुलथुलीत, लांबट ठिपका दिसेल. भिंगातून पाहिले की त्यात दहा-वीस, कधी त्याहून जास्त गोल कण दिसतात, आणि चार-सहा दिवसांची अंडी असतील तर प्रत्येक कणात एक इवलासा शंख संथपणे गोल फिरत असतो. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात ही पिल्ले आठवडा-दीड आठवड्यात बाहेर पडतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालू लागतात. तोंडी हिशेब करून बघा. एका गोगलगायीची तीस पिल्ले जगली आणि त्या प्रत्येकीची पुन्हा तीस जगली, तर उन्हाळा सुरू होताना आलेली एक गोगलगाय पावसाळ्यापर्यंत नऊशेची होते.

पण हा हिशेब प्रत्यक्षात क्वचितच उतरतो, आणि का उतरत नाही हे समजले की उपाय सापडतो. नऊशे जिवांना खायला लागते. ते कुठून येते? माशांवर त्या तुटून पडत नाहीत. ठणठणीत माशाला गोगलगाय खाऊ शकत नाही. मेलेला मासा खाताना ती दिसते, म्हणून तिनेच मारला असा समज होतो. हिरव्या निरोगी पानांनाही फायसा आणि ट्रम्पेट सहसा हात लावत नाहीत. सडलेले, पिवळे पडलेले पान खातात. लिम्नियाला मात्र कोवळ्या पानांची चटक असते, तिच्यावर नजर ठेवावी. एरवी या सगळ्यांचे अन्न दोनच गोष्टींतून येते. एक शेवाळ, आणि दुसरे, माशांना टाकलेले पण माशांनी न खाल्लेले खाद्य.

हे दुसरे अन्न आपण रोज स्वतःच्या हाताने टाकतो. घरात चार माणसे असली की सकाळी आजोबा टाकतात, शाळेतून आल्यावर मुले टाकतात, संध्याकाळी कुणी पाहुणा आला की त्याला दाखवायला पुन्हा एक चिमूट जाते. माणूस समोर आला की मासे वर येतात, तोंड उघडझाप करतात, आणि आपल्याला ते उपाशी वाटतात. वर न खाल्लेले दाणे तळाशी जातात, गारगोट्यांच्या फटीत बसतात, आणि तिथे रात्रीची पंगत सुरू होते. टाकीतल्या गोगलगायींची संख्या म्हणजे तुमच्या घरात किती खाद्य वाया जाते त्याचे माप आहे. मला हे माप फार उपयोगाचे वाटते, कारण पाणी खराब होते आहे हे डोळ्यांना दिसत नाही, गोगलगायी दिसतात. शिल्लक अन्न सडले की त्यातून अमोनिया तयार होतो, आणि माशांना मारतो तो अमोनिया.

आपल्या भागात या पाहुणीला आणखी एक गोष्ट मानवते, ती म्हणजे पाणी. वाशीमचा पठारी भाग काळ्या खडकाचा, दख्खनच्या बेसाल्टचा. बोअरचे पाणी जड, भांड्याला आणि गिझरला पांढरा थर धरणारे. तो थर मुख्यतः कॅल्शियमचा असतो, आणि शंख बनवायला गोगलगायीला कॅल्शियमच लागते. मऊ पाण्यात तिचा शंख झिजून पांढुरका, भोकाभोकांचा होतो. बोअरच्या पाण्यात तो टणक आणि चकचकीत राहतो.

आता औषधांबद्दल, कारण चुका तिथेच होतात. मंगरूळपीर, कारंजा या भागात संत्र्याच्या बागा आहेत, आणि जिथे संत्री तिथे बोर्डो मिश्रण, जिथे बोर्डो तिथे घरात मोरचूद. मोरचुदाने गोगलगाय मरते हे खरे आहे. तांबे हे तिच्यासाठी जालीम विष आहे. पण हिशेब मांडून बघू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की हाती ४५ लिटर उरते. मोरचुदात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. अर्धा ग्रॅम, म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढा मोरचूद टाकला, तर पाण्यात लिटरमागे जवळजवळ २.८ मिलिग्रॅम तांबे झाले. माशांच्या परजीवींवर तांबे वापरणारे जाणकारसुद्धा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास थांबतात, तेही मोजमाप करत. म्हणजे एका चिमटीत चौदा पट विष पडले. जड पाण्यात तांब्याचा जोर काहीसा कमी होतो, पण किती कमी होईल हे घरी बसून सांगता येत नाही. शिवाय तांबे उडून जात नाही. ते वाळूत, गारगोट्यांत बसते आणि पुढे कधी टाकीत कोळंबी सोडली तर तिला मारते. बाजारात गोगलगायींसाठी म्हणून बाटल्या मिळतात. घेण्याआधी लेबल वाचा, बऱ्याच बाटल्यांत तांबेच असते.

समजा मोजून-मापून टाकले आणि मासे वाचले. तरी संकट पुढेच आहे. चार-पाचशे गोगलगायी एका रात्रीत मेल्या की त्यांची मांसे त्याच पाण्यात सडतात. गारगोट्यांखालच्या, फिल्टरच्या आतल्या आपल्याला वेचता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होते, कुजका वास सुटतो, तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात. ज्यासाठी औषध टाकले तेच जातात. ट्रम्पेट तर अशा वेळी आपले झाकण घट्ट लावून घेते. तिच्या शंखाच्या तोंडाला खरेच एक टणक झाकण असते. आठवड्याने ती वाळूतून पुन्हा बाहेर येते.

शेतात वापरतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकीच्या आसपाससुद्धा नेऊ नका. त्या जमिनीवरच्या गोगलगायीसाठी आमिष म्हणून बनवलेल्या असतात. कुत्र्यामांजरांना आणि लहान मुलांनाही त्यांचा धोका आहे. मिठाचेही तेच. शेतात मिठाने गोगलगाय मरते म्हणून टाकीत मीठ ओतले तर आधी वनस्पती जळतात, आणि मचूळ पाण्यातही राहू शकणारी ट्रम्पेट तशीच राहते.

मग करायचे काय? सर्वांत आधी घरात खाद्य टाकणारा माणूस एकच ठरवा. डबा उंच ठेवा. दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत मासे संपवतील इतकेच. दोन मिनिटांनंतर एक दाणा तळाशी जाताना दिसला तर उद्या त्याहून कमी. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. मोठ्या, निरोगी माशांना एक-दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. ज्या घरात एकादशी, गुरुवार पाळला जातो, तिथे हा दिवस लक्षात ठेवणे अवघड नाही.

त्याच्या जोडीला तळाची सफाई. पारदर्शक नळीने वाळूवरचा गाळ ओढून काढायचा, दर आठवड्याला टाकीचे चौथाई पाणी बदलायचे. इथे आपली अडचण मला ठाऊक आहे. नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि घरात पिण्याच्या पाण्याची चणचण असताना माशांसाठी दहा लिटर ओतणे जिवावर येते. पण काढलेले पाणी ओतून द्यायचे नसते. माशांच्या विष्ठेने ते झाडांसाठी खताचे पाणी झालेले असते. तुळशीला, कुंडीतल्या मोगऱ्याला घाला. नळाचे नवे पाणी क्लोरीन जाण्यासाठी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, मगच टाकीत घाला. आणि नळी चालू करताना तोंडाने ओढू नका. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून, टोकाला अंगठा दाबून धरा आणि खाली बादलीत सोडा.

जेवण बंद झाले तरी आधीच्या दोनशे राहतातच. त्यांना वेचण्यासाठी मराठवाड्यातल्या शेतांकडे पाहा. तिथे कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने सांगितलेला एक साधा उपाय होता. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधावर अंथरायचे, रात्रभर गोगलगायी त्याखाली गोळा होतात, सकाळी वेचायच्या. टाकीत गोणपाटाची जागा काकडी घेते. काकडीची जाड चकती किंवा उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली पालकाची दोन पाने घ्या, ती स्टीलच्या चमच्याला टोचून किंवा बांधून तळाशी बसवा. वेळ रात्रीची, दिवा घालवल्यानंतरची. पहाटे, उजेड व्हायच्या आत, चमचा अलगद उचला. पहिल्या दिवशी चकतीवर पिठले लागावे तशा गोगलगायी लगडलेल्या असतात. पंधरवडाभर रोज करा. दहाव्या-बाराव्या दिवशी चकतीवर पाच-सहाच दिसू लागतात. चकती मात्र सकाळनंतर टाकीत राहू देऊ नका, नाहीतर आपणच नवी पंगत वाढली असे होईल.

पानाखालचे अंड्यांचे गोळे नखाने खरवडून काढा. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुवा, नळाच्या पाण्यात नाही, कारण त्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात आणि क्लोरीनने ते मरतात. पंप मध्येच घरघरत बंद पडला तर तो उघडून पाहा, बऱ्याचदा आत एखादा शंख अडकलेला असतो.

कारंजा लाड हे जुन्या जैन भट्टारकपीठांचे गाव. तिथे आणि वाशीम, रिसोडच्या अनेक घरांत जीव मारायचाच नाही असे मानणारी माणसे आहेत. त्यांना हा मार्ग जवळचा वाटावा. अन्न कमी झाले की गोगलगाय अंडीच कमी घालते. संख्या मरणाने नाही, जन्म थांबल्याने उतरते. वेचलेल्या गोगलगायी झाकणाच्या वेगळ्या बरणीत, शेवाळ आलेल्या पाण्यात ठेवता येतात. आणि पाच-पंचवीस गोगलगायी टाकीत राहिल्या तर त्यांचा त्रास नाही. त्या काच घासतात, मेलेली पाने संपवतात, ट्रम्पेट वाळू उकरून खालचा भाग सडू देत नाही. तिचा आणखी एक उपयोग विजेच्या भारनियमनात कळतो. ती कल्ल्यांनी श्वास घेते. रात्री वीज जाऊन पंप बंद पडला आणि सकाळी सगळ्या ट्रम्पेट वाळू सोडून काचेवर वरपर्यंत चढलेल्या दिसल्या, तर पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. तेव्हा आधी मगाने पाणी उंचावरून ओतून हलवा.

गोगलगाय खाणारे मासे आणा, असा सल्ला हमखास मिळतो. लोच जातीचे मासे, आपल्या ओढ्यांतल्या मुऱ्यांच्या नात्यातले, खरोखर गोगलगायी शंखातून ओढून खातात. दुकानात मिळणारा पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायटा, हा तर आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. जगात दुसरीकडे कुठे तो नैसर्गिकरीत्या सापडत नाही, आणि जागतिक पातळीवरच्या लाल यादीत तो धोक्यातल्या जातींत नोंदलेला आहे. केरळातला चिमुकला पी पफर मासा हाही त्याच यादीत असुरक्षित म्हणून आहे. त्याला गोगलगाय प्रिय, पण गप्पीची शेपटीही तितकीच प्रिय. चार गोगलगायींसाठी धोक्यात आलेला मासा नदीतून उचलून ५६ लिटरच्या काचेत कोंडावा, हे मला पटत नाही. लोच कळपाने राहतो, वाढतो, त्याला मोठी टाकी लागते. ज्याला लोचच पाळायचे आहेत त्याने त्यांच्यासाठी टाकी मांडावी. गोगलगायींचा बंदोबस्त म्हणून आणू नयेत. गोगलगायी खाणारी असॅसिन नावाची दुसरी गोगलगाय मिळते. तिने संख्या खरेच उतरते, पण हळूहळू, आणि खाद्य वाया जाणे थांबले नसेल तर तीही पुरी पडत नाही.

नवी वनस्पती आणाल तेव्हा ती थेट टाकीत सोडू नका. आपल्या घरात जिचा साठा कायम असतो ती तुरटी इथे कामी येते. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवा, वनस्पती दोन-तीन तास त्यात बुडवून ठेवा आणि मग साध्या पाण्यात चांगली खळबळून घ्या. त्यानंतरही ती दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात राहू द्या, कारण जेलीतली काही अंडी यातूनही वाचतात. टबात पिल्ले फिरताना दिसली तर तिथेच वेचता येतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, बंद डबीत जेलीवर मिळणाऱ्या वनस्पती महाग असतात, पण त्यांच्यावर गोगलगाय नसते.

तळ्यातून, नाल्यातून वनस्पती किंवा गोगलगायी आणून टाकीत सोडणे मात्र पूर्ण टाळा. इथे त्या मोठ्या तपकिरी चकलीकडे परत येतो. इंडोप्लॅनॉर्बिसच्या अंगात गुरांच्या रक्तकृमींची वाढ होते. त्यातला एक कृमी बैलाच्या नाकात ठाण मांडतो, आत गाठी येतात आणि बैल श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करतो. लिम्नियाच्या अंगात यकृतातला चपटा पर्णकृमी वाढतो, गुरे आणि शेळ्या त्याने खंगतात. माणसापर्यंतही हे पोहोचू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या रक्तकृमींचा रोग आढळला. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली तो जगापुढे मांडला. भारतात हा आजार ठाण मांडून आहे असे तोवर कुणी मानले नव्हते. तिथे या कृमीला आसरा देणारी गोगलगाय म्हणून जिची नोंद झाली ती फेरिसिया, दगडाला चिकटलेल्या टोपीसारखी, जेमतेम काही मिलिमीटरची. तशाच टोपीवाल्या गोगलगायी घरच्या टाकीच्या काचेवरही कधीकधी दिसतात, आणि त्यांना घाबरण्याचे कारण नाही. कृमीचे चक्र पुरे व्हायला रोगी माणसाची किंवा जनावराची विष्ठा-लघवी पाण्यात जावी लागते, बंद टाकीत ते घडत नाही. धोका आहे तो गुरे उतरतात त्या पाण्यातून उचलून आणलेल्या गोगलगायींचा. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा, आणि हाताला जखम असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा.

राहता राहिला प्रश्न वेचलेल्या गोगलगायींचा. सोपे वाटते म्हणून लोक त्या गटारात किंवा तळ्यात टाकतात, टाकी मोडली की मासेही टाकतात. शेतातल्या शंखी गोगलगायीची गोष्ट इथे आठवावी. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत सोडली. जाणता माणूस होता, हेतू वाईट नव्हता. भारतात ती पसरत गेली ती तिथून. टाकीतल्या गोगलगायी वाशीमच्या पद्मतीर्थात, एकबुर्जीच्या किंवा अडाणच्या जलाशयात, पैनगंगेच्या पात्रात सोडू नका. परसातल्या विहिरीतही नको. वेचलेल्या गोगलगायी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक दिवस-रात्र फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग कुंडीत खोल पुरा. ज्यांना ते नको त्यांनी बरणी जपावी. आणि टाकीचे शेवटचे पाणी टाकायचे झाले तर ते नाल्यात नाही, अंगणातल्या झाडाच्या मुळाशी, कोरड्या मातीत ओता.